गालाला लावून पाहणारा

विसरवाडीच्या फाट्यावर मी रोज बस बदलतो. तिथे ट्रकचे कमानपाटे दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. बोलताना तो समोरच्याकडे बघत नाही, हातातल्या लोखंडाकडे बघतो, आणि प्रत्येक वाक्याआधी "थांबा" म्हणतो. मला त्याचा रागच येतो.

मी इंजिनिअरिंगला शिकवतो. प्रबंधासाठी मिरची तोडायचा अखंड प्लास्टिकचा चिमटा करतोय. त्यात खिळा नाही, स्प्रिंग नाही. तो नुसता लवतो आणि पकडतो. प्लास्टिक कुठे ठेवायचं, कुठून काढायचं ते कम्प्युटर ठरवतो. तीन वर्षं मी हेच गणित घोटतोय आणि चिमटा दर वेळी बारीक मानेतच, जिथे तो लवतो तिथेच, तुटतो.

परवा बस चुकली म्हणून नवा चिमटा मिस्त्रीला दाखवला. त्याने तो पन्नासेक वेळा भराभर दाबला आणि पटकन गालाला लावला, लेकराचा ताप बघावा तसा.

"थांबा. आठेच तपी ऱ्हायना. सगळा जोर एकच जागावर शे. आख्खा दांडाले लवू द्या ना." मी हात लावून पाहिला, मान तेवढीच गरम झाली होती.

त्याने मानेच्या दोन्ही बाजूंचा जाड दांडा कानशीने घासून बारीक केला. तो चिमटा अजून तुटलेला नाही.

मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "सर, तुमना कम्प्युटर काय सांगस?"

"हेच सांगतो," मी खोटं बोललो.

"मंग हुशार शे तो," तो मनापासून म्हणाला आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

चहा पिताना त्याचं नाव विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. नाही विचारलं. प्रबंधात लिहावं लागलं असतं.