पेशींना वळण

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, पण बंगळुरातल्या कारखान्यात फिटर म्हणून माझा हात धरणारा कोणी नव्हता. त्यामुळे कुणाचं ऐकायची सवय नाही, हे आधीच सांगतो.

बायकोला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. आमची मुलगी येलहंक्याजवळच्या एका प्रयोगशाळेत त्याच कॅन्सरच्या पेशी बाटलीत वाढवायची. एका शनिवारी हट्टानं तिच्याबरोबर गेलो. मायक्रोस्कोपमधून तिनं दोन बाटल्या दाखवल्या. पहिलीत पेशी एकमेकींवर चढून ढीग झालेला. दुसरीत थोड्याच, पण नीट पसरून बसलेल्या.

"हिच्यात काय केलंस?"

"औषध घालून वळण लावलं, अण्णा. नुसतं वाढत सुटायचं सोडून आतड्याच्या पेशींसारखं वागायला लागतात."

"मग आईला दे की!"

"बाटलीत होतं ते माणसात होत नाही हो. आणि औषध काढलं की यातल्या पुष्कळ पुन्हा पहिल्यासारख्या."

औषधाला खवट लोण्याचा वास होता. विचारलं तर म्हणाली, तुपातही असतं हे, थोडंसं. पुढचं मी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बायकोला दोन चमचे पातळ तूप. मुलगी भांडली. म्हटलं, "चार बुकं शिकलीस म्हणून बापाला शिकवू नकोस." बायको हसली. "मला वळण लावताय? पंचेचाळीस वर्षांत तुम्हाला जमलं नाही, ते तुपाला जमणार?" पण तोंड उघडायची.

तीन आठवड्यांनी तिनं चमचा हातानं अडवला. "आज नको म्हटलं तर चालेल?"

"एक दिवस चुकला की सगळं पहिल्यासारखं."

तिनं गिळलं. लगेच सगळं बाहेर आलं, माझ्या हातावर, तिच्या पातळावर. धाप थांबल्यावर मलाच म्हणाली, "रागावू नका हं."

तिनं कधी माझ्याकडे काही मागितल्याचं आठवत नाही. त्या दिवशी एक सुट्टी मागितली, तीही मी दिली नाही. मुलीनं फरशी पुसली, आईचं पातळ बदललं. भांडली असती तर बरं होतं.

बायको त्यानंतर नऊच दिवस होती.

उलटी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी तुपाची बरणी शेजारच्या अक्कांना देऊन टाकली. मग तिच्या उशाशी बसून विचारलं, "काय घ्यावंसं वाटतंय?" असं मी कधी विचारत नसे. तिला वाटलं, चिडलोय. पुन्हा विचारलं.

"कॉफी," ती म्हणाली. "स्वल्प."

चपला घातल्या, थर्मास घेतला आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात रांगेत जाऊन उभा राहिलो.