माझ्या सल्ल्याची भिंत
ओल्या सिमेंटचा वास आला की मला घाटकोपरचा एक गाळा आठवतो. ऐंशीच्या दशकात दोघे भाऊ तिथे स्टोव्हचे बर्नर बनवायचे. ठरावीक उलाढालीपर्यंत छोट्या कारखान्याला उत्पादनावरची एक्साइज ड्यूटी माफ होती आणि यांचा धंदा ती हद्द ओलांडायला आला होता. मी नवाकोरा करसल्लागार, अक्कल नुसती ओसंडून वाहत होती. म्हटलं, "मधे भिंत घाला, दारं वेगळी करा. दोन कारखाने, दोघांनाही माफी!" भिंत कमरेइतकी झाली तेव्हा धाकटा हसत म्हणाला, "दादा, उद्यापासून मला चहा कसा देणार रे तू?" थोरला म्हणाला, "फेरी मारून ये, पोट कमी होईल." इन्स्पेक्टर आला, बघून गेला, मी कॉलर ताठ केली. मग हळूहळू कामगार वाटले गेले, गिऱ्हाइकं वाटली गेली, चहाच्या फेऱ्याही थांबल्या. पुढे एका बजेटात माफीची हद्द एवढी वाढली की दोघांचा धंदा मिळूनही तीत बसला असता. मी धावतच गेलो. "पाडा ती भिंत, आता गरज नाही!" मशीनवरची नजर न काढता थोरला म्हणाला, "त्याला विचारा." मी वळसा घालून पलीकडे गेलो. धाकटा म्हणाला, "त्यांना विचारा ना." दादाला नाही, त्यांना. तिथेच उभा राहून मी त्याला नवी सवलत पहिल्यापासून समजावली. इतकी वर्षं झाली, अजूनही मला तेवढंच येतं.