गळ टाकायची जागा

धरणाच्या मागच्या काठावर ते काका दर रविवारी सकाळी दिसायचे. सातपूरच्या कारखान्यातून रिटायर झालेले. माणसांशी मशीन चालू असल्यासारखं मोठ्याने बोलायचे, पाण्याशी मात्र हळू. गळ टाकला की पुटपुटायचे, "ये बाई, ये. घाई नाय." गळाचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, तुटला तर त्याचा बोटभर तुकडाही ते काठावर सोडत नसत, चुन्याच्या डबीत भरून घरी नेत. "बगळ्याच्या पायात गुततो, ताई."

मी पक्षी बघायला जायचे. त्यांचं नाव कधी विचारलं नाही. मला ते जमत नाही. एकदा मात्र त्या जागेचा फोटो लोकेशनसकट इन्स्टाग्रामवर टाकला. महिन्याभरात तिथे गाड्या यायला लागल्या, मग बाटल्या दिसायला लागल्या.

परवा पायवाटेवर तारेचं कुंपण होतं आणि इंग्रजी पाटी.

"काय लिवलंय, ताई?"

"प्रवेश बंद."

"पण का?"

मासे धरायला येणारे लोक घाण करतात म्हणून, असं पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं.

"कारण नाही लिहिलं," मी म्हणाले.

"आसंल सायबांचं कायतरी." तारेखालून हात घालून त्यांनी बिअरची एक रिकामी बाटली ओढली, पिशवीत टाकली आणि गळ गुंडाळायला घेतला. माझा चेहरा पाहून त्यांना माझीच दया आली असावी.

"वाईट नका वाटून घेऊ. दुसरी जागा घावली, की पहिलं तुम्हाला सांगतो."