मी पहारेकरी, विहीणबाई परी

मैत्रिणींनो, आज दुपारी माझा फार जळफळाट झाला. तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

नात सई सुट्टीत धाराशिवला आलीय. येताना फाशांचा एक खेळ घेऊन आली. त्यात प्रत्येकानं एकेक पात्र होऊन बोलायचं. सई झाली जादूगारीण. परी मीच होणार, असं मी धरूनच चालले होते. मिशनच्या शाळेत सिस्टरांकडून ऐकलेल्या पऱ्यांच्या गोष्टी तिला लहानपणापासून मीच तर सांगत आले! पण तिनं परी केलं नळदुर्गच्या आजीला, म्हणजे तिला भेटायला आलेल्या माझ्या विहीणबाईंना. मला केलं पुलावरचा पहारेकरी.

या खेळात जादूगाराला परीवर हुकूम चालवता येत नाही. परी मागेल ते देऊनच तिची मदत घ्यायची.

विहीणबाई पदर सावरत म्हणाल्या, "पूल पार करून देते की! पर तुझ्याजवळचं सगळ्यात लाडकं काय हाय, ते दे."

सईनं माझ्याकडं बोट दाखवलं. "या आजीच्या गोष्टी. घे."

लाडक्या म्हणाली, आणि देऊनही टाकल्या!

चहाच्या वेळी विहीणबाई जवळ सरकल्या. "आता त्या माझ्या झाल्या न्हवं? सांगा की एखादी. आमाला लहानपणी कुणी सांगितल्याच न्हाईत."

मग काय, दिवेलागणीपर्यंत सांगत बसले. फक्त सईची सगळ्यात आवडती गोष्ट तेवढी सांगितली नाही. शेवटी पहारेकरी आहे मी.

तुम्ही सांगितली असती का?