काळ्या चौकोनांची शाळा

गोव्यातल्या पाळी गावच्या खाणीच्या गेटवर कृष्णनाथने उभा जन्म घालवला. ताडपत्री उचलून बघितल्याशिवाय त्याने एकही ट्रक सोडला नाही. सख्ख्या मेव्हण्याचाही नाही. खाण बंद पडली, गेटला गंज चढला, पण संशयाची खोड काही गेली नाही. सकाळी पोदेर पाव घेऊन आला, तरी तो पाव दाबून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही.

कोरोनाच्या साथीत सून दीपा नात सेजलला घेऊन मस्कतहून घरी आली. मुलगा रुद्रेश नोकरीपायी तिकडेच अडकला. सेजलची शाळा मस्कतचीच. ती आता फोनवर भरू लागली आणि कृष्णनाथच्या डोळ्यांत खुपू लागली.

"आयतवारी शाळा, नि शुक्रवारी सुट्टी? ही कसली रीत गे?"

"तिकडे तसंच असतं, बाबा," दीपा म्हणाली.

"नि सगळ्यांची तोंडं खंय गेली?"

तोंडं नव्हतीच. पडद्यावर नुसते काळे चौकोन आणि त्यांवर नावं. अरबी शिकवणाऱ्या सलमाबाईंचा आवाज यायचा, मुलींचे यायचे, दिसायचं कोणी नाही.

सेजलने समजावलं, "मुलींचा वर्ग आहे, आजो. सगळ्या आपापल्या घरी बसलेल्या. घरातल्या बायामुलींचे चेहरे तिथे असे कुणालाही दाखवत नाहीत. म्हणून आम्ही सगळ्याच कॅमेरा बंद ठेवतो."

कृष्णनाथला ते पटेना. ताडपत्री जितकी घट्ट, तितका आत घोळ, हा त्याचा गेटवरचा अनुभव. त्यात एक चौकोन कधी बोलतच नसे, हजेरीलाही नाही. त्यावर हुदा नावाच्या मुलीचं नाव. पण हुदा तर शेजारच्या चौकोनातून बोलायची. या मुक्या चौकोनातून मधूनच खोकला यायचा. म्हाताऱ्या पुरुषाचा खोकला.

"हो दादलो कोण?"

"मला काय माहीत, आजो."

"म्हायत ना, नि त्याच्यासमोर बसून शिकता?"

एकदा वर्ग चालू असताना सेजल पाणी प्यायला उठली. कृष्णनाथ पुढे सरकला. कुठे दाबलं की कॅमेरा सुरू होतो, हे त्याने कधीच हेरून ठेवलं होतं. अंगात सदरा नाही, कमरेला पंचा.

"ए खोकणाऱ्या! कोण तू? तोंड दाखय!"

पडद्यावर त्याचीच पांढऱ्या केसांची छाती उमटली. एक मुलगी किंचाळली. चौकोन भराभर नाहीसे झाले.

संध्याकाळी रुद्रेशचा फोन आला. "बाबा, मुलींच्या वर्गात उघड्या अंगाने? तुम्ही बाईंशी बोलेपर्यंत सेजलला वर्गात घेणार नाहीत. परीक्षा तोंडावर आहे. वर्ष जाईल पोरीचं!"

सेजल त्या रात्री जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी कृष्णनाथ गळ्यापर्यंत बटणं लावून कदेलीच्या पाठीला पाठ लावून ताठ बसला. सलमाबाईंना मस्कतमधल्या भारतीय दुकानदारांमुळे तोडकंमोडकं हिंदी येत होतं. माफीचं वाक्य त्याने घोकून ठेवलेलं. फोन लागला, पण बाई तिथवर येईचनात. तब्येत कशी आहे? घरची मंडळी बरी ना? मुलगा इकडे एकटा आहे, वेळेवर जेवतो ना? तुमच्याकडे पाऊस कसा आहे?

कृष्णनाथ सावध झाला. जास्तीचा माल भरून निघालेले ड्रायव्हर गेटवर असेच आधी त्याची तब्येत विचारायचे. फोनवर हात ठेवून तो पुटपुटला, "कितें काढून घेता ही माझ्याकडून?"

"काही नाही हो," दीपा म्हणाली. "तुम्ही तरी आल्यागेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय कामाचं विचारता का? त्यांच्याकडेही तशीच रीत आहे."

कृष्णनाथने फोनवरचा हात काढला. त्याने हिंदीत माफी मागितली, आणि ती घोकलेल्या वाक्यापेक्षा बरीच लांबली.

बाई म्हणाल्या, "सेजलला उद्यापासून येऊ द्या. तुम्हीही बसा. सदरा घालून, कॅमेरा बंद ठेवून. हुदाचे आजोबा पहिल्या दिवसापासून बसतात. या काळ्या चौकोनांमागे कोण कोण पुरुष लपलेत, अशी त्यांना शंका आहे."

दुसऱ्या दिवशी सेजल वर्गात बसली. तिच्या बाजूला दीपाचा फोन घेऊन कृष्णनाथ. आता त्याचाही एक काळा चौकोन होता. थोड्या वेळाने तो ओळखीचा खोकला आला. कृष्णनाथने कान टवकारले आणि मुद्दाम मोठ्याने खोकला.

पलीकडे एकदम सामसूम.

"बघ, तो गप्प झालो!" तो कुजबुजला. "म्हातारो माझ्यावर नजर ठेवता."

सेजलने वहीतून मान वर काढली नाही. "आजो, तुमचा माइक चालू आहे."