फेल्टच्या गठ्ठ्यांवर माय-लेक

इन्स्पेक्टरने फेल्टची चकती उजेडात धरली आणि तिच्यातल्या भोकातून माझ्याकडे पाहिलं.

‘पाठकजी, ये भी चूहा?’

मी होकारार्थी मान हलवली. तिसरा लॉट रिजेक्ट.

एकाहत्तरची लढाई तोंडावर आली होती. जबलपूरच्या एका कारखान्यात मी पॅकिंग स्टोअरचा इन्चार्ज होतो. फेल्ट म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर. पेटीत माल हलू नये म्हणून तिच्या चकत्या लावतात. चकती कुरतडलेली असली की पेटी बंद होत नाही, आणि तयार माल शेडमध्येच पडून राहतो. पिंजरे उंदरांच्या ओळखीचे झाले होते. विष घातलं तर ते गठ्ठ्यांत जाऊन मरायचे. मग सगळा गठ्ठाच फेकावा लागायचा.

आमचे मॅनेजर सक्सेनासाहेब एवढंच म्हणाले, ‘पंद्रह दिन में अगला इन्स्पेक्शन. कुछ भी करो.’

शहराच्या गढा भागात लीलादीदी राहायच्या. रिटायर्ड नर्स. लोकांनी सोडून दिलेली पंचवीस-तीस मांजरं त्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सांभाळत. रविवारी सकाळीच मी चेरीतालच्या माझ्या घरून सायकल मारत तिथं पोचलो. कॅरियरला पोतं होतं.

‘हे काहून आणलं?’ त्यांनी विचारलं.

‘मांजरं न्यायला. चार तगडे बोके द्या.’

‘भाजी घेऊन राहिले का तुम्ही? आज दिवसभर इथं काम करा. मांजराला हात लावता येते का, बघते. मग बोलू.’

माझा पारा चढला होता. पण लॉट डोळ्यांसमोर होता. बाह्या सरसावल्या.

मांजरांच्या घाणीसाठी राखेचे डबे होते. आधी ते उपसले. मग फरशी धुतली, दूध-भाताच्या थाळ्या लावल्या. एका पिवळ्या मांजराचे डोळे चिकटले होते. ते कोमट पाण्याने पुसायला गेलो, तर त्याने मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं. दीदींनी माझ्या हाताला आयोडीन लावलं, कापूस परत माझ्याच हातात दिला.

‘चलो, दुसरा डोळा राहिला.’

पुसला. या वेळी मागून धरलं, हळू बोलत राहिलो. त्याने पुसू दिलं.

संध्याकाळी दीदींनी एक काळी मांजर आणि तिची वाढलेली लेक टोपलीत घालून दिली.

‘मी बोके मागितले होते.’

‘बोके भटकतात. ह्या जागा धरतील. पण आठ दिवस स्टोअरमध्येच जाळीत ठेवा. आधी सोडल्या तर पळाल्या समजा. आणि पोटभर खाऊ घाला. उपाशी मांजर उंदरामागं बसून राहत नाही, खाणं शोधत बाहेर जाते.’

मी स्टोअरच्या कोपऱ्यात जाळी ठोकली. चौथ्या दिवशी सक्सेनासाहेब आले.

‘बिल्ली अंदर, चूहे बाहर? पाठक, खोलो इसे.’

‘नाही साहेब. अजून चार दिवस.’

‘और माल फिर रिजेक्ट हुआ तो?’

‘लेखी जबाब मी देईन.’

ते निघून गेले. हेल्पर लोक जाळीकडे बघून हसायचे. मला हसू येत नव्हतं. उंदीर रोज नवीन गठ्ठा फोडत होते आणि मी रोज मांजरींना दूध पाजत होतो.

नवव्या दिवशी जाळी उघडली. काळी बाहेर आली, दाराकडे गेली. तिने बाहेर पाहिलं, वळली आणि गठ्ठ्यांमागे शिरली. मागोमाग लेक. दुपारपर्यंत दारापाशी तीन उंदीर पडले होते.

फुटलेले गठ्ठे वेगळे काढून आम्ही चांगल्या मालातून नवा लॉट लावला. इन्स्पेक्टरने पंचवीस चकत्या उलटसुलट पाहिल्या आणि सही केली. त्याच संध्याकाळी ट्रक गेटबाहेर पडले.

उंदरांना मांजर लागतं, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. मांजराला जागा धरायला आठ दिवस लागतात, हे मात्र साहेबांना पटवावं लागलं.