ताईच्या भाषणात मी

माझ्या ताईच्या पहिल्या जाहीर भाषणात सर्वांत जास्त वेळ मी बोलले.

रायपूर तेव्हा नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. समारंभांना असा ऊत आला होता की प्रमुख पाहुणे कमी पडू लागले होते! त्यातच एका कॉलेजने शुभाताईला भाषणाला बोलावलं. विषय : अपंगत्व आणि आनंदी जीवन. ताईचा उजवा पाय लहानपणीच पोलिओने गेला. ती कुबडी घेऊन चालते, सरकारी कचेरीत नोकरी करते आणि मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर बूढ़ापाऱ्याच्या गल्ल्यांतून अशी हाणते, की धडधाकट माणसं उड्या मारून ओट्यावर चढतात. तिला त्या मुलांशी बोलायचं होतं. पंधराच मिनिटं, पण स्वतःच्या शब्दांत.

पण घरात मी होते ना! बाबा रेल्वे युनियनचे. आमच्याकडे मुलं बाराखडीच्या आधी 'धिक्कार असो' शिकतात. मी तिला चौदा पानी भाषण लिहून दिलं.

"एवढं कोण ऐकते वं?" ताई म्हणाली.

"हा हक्कांचा प्रश्न आहे!"

"असू दे. मले पोट्ट्यांशी गप्पा मारायच्या आहेत."

ताईच्या स्कूटरवरून कॉलेजात पोचताच आयोजक सर मला विचारतात, "दीदी चाय लेंगी?" ताई शेजारीच उभी!

"तिलाच विचारा!" मी कडाडले. "पाय अधू आहे, जीभ नाही! समोरच्या माणसाला सोडून दुसऱ्याला विचारता? लाज वाटली पाहिजे! (आणि हो, ती बिनसाखरेचा घेते.)"

"मले साखर लागते," ताई म्हणाली. पण मी भडकलेली असल्यामुळे मला ऐकू आलं नाही.

मग मंच दिसला. सात पायऱ्या! ना उतार, ना कठडा.

"टेन्शन मत लीजिए," सर म्हणाले, "चार लड़के कुर्सी समेत उठा लेंगे."

खुर्चीसकट! ताई काय गणपती आहे? मी तिथेच पायऱ्यांवर आडवी झाले.

"उतार बांधल्याशिवाय हलणार नाही!"

"आज?"

"आत्ता!"

प्रमुख पाहुणे आधीच वर जाऊन बसले होते (नव्या खात्याचे साहेब. खात्याला अजून खुर्च्या आल्या नव्हत्या, त्यामुळे ते जमेल तेवढं मंचांवरच बसत). त्यांना पुढचा समारंभ गाठायचा होता, आणि वाटेत मी!

"ऊठ वं, कपडे खराब होऊन राहिले," ताई म्हणाली. "मी खालूनच बोलते."

"खालून? हा अपमान आहे!"

"पोट्टे खालीच बसले आहेत ना!"

तिने पहिल्या बाकासमोर खुर्ची ओढली आणि माईक घेतला. "मैं शुभा..." अरे! पान एक तर सोडूनच दिलं! मी ताडकन उठले (साहेब तेवढ्यात निसटले) आणि माईक हिसकावून पान एकपासून सुरुवात केली. बस, दवाखाने, दाखल्यासाठी चढावे लागणारे तीन मजले, वर्तमानपत्रांतलं ते 'बेचारी'... कुणालाही सोडलं नाही! अकराव्या पानाला पोरं जांभया देत होती. मला त्यांचाही संताप आला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. तिने आपल्या कुबड्या बाकाखाली ढकलून ठेवल्या होत्या. "स्कूटरवाली दीदी, आपको सबसे ज़्यादा तकलीफ़ किससे होती है?"

"समाजाच्या मानसिकतेपासून!" मी गरजले. "शासनाच्या..."

ताईने माईक काढून घेतला.

"इससे," म्हणाली, आणि बोट माझ्याकडे.

सभागृहात हशा फुटला! ती मुलगी तर डोळे पुसत होती. हसणं ओसरल्यावर ताई तिला म्हणाली, "सीढ़ी पे गुस्सा करो, खूब करो. लेकिन अपना गुस्सा खुद करो. किसी को ठेका मत दो."

टोल पडला. ताईचं भाषण एवढंच झालं. पण त्या मुलीने कुबड्या बाहेर ओढल्या आणि ती सगळ्यांदेखत खटखट करत ताईजवळ आली. "आपकी स्कूटर चला के देखूँ?"

"पहले लाइसेंस!" ताई म्हणाली, आणि दोघी बोलत बाहेर गेल्या. मला कुणी बोलावलं नाही.

मला माझी चूक कळली. आम्ही तत्त्वाची माणसं, चूक कळली की स्वस्थ बसत नाही. दुसऱ्याच दिवशी जळजळीत पत्रक काढलं : 'अपंगांच्या वतीने परस्पर बोलणाऱ्यांचा जाहीर निषेध!' चौबे कॉलोनीपर्यंत घरोघर वाटलं. खाली ताईची सही हवी होती. ती कचेरीत गेली होती, म्हणून मीच करून टाकली.